समुद्र मागे हवा असेल तर सकाळ गाठा

कोकणच्या किनाऱ्यावर कॅमेऱ्यासमोर कुणाला बोलतं करायचं असेल, तर आधी हे लक्षात घ्या: किनारा पश्चिमाभिमुख आहे, आणि चित्रीकरणाचं निम्मं वेळापत्रक तिथेच ठरतं. संध्याकाळी समुद्र मागे ठेवून माणूस उभा केला की सूर्य त्याच्या पाठीशी जातो. आकाश सांभाळलं तर चेहरा काळा, चेहरा सांभाळला तर आकाश पांढरंफटक. तीच चौकट सकाळी घेतली तर ऊन पूर्वेकडून तोंडावर येतं. मागे टेकडी असेल तर ते वाळूवर किती वाजता उतरतं, हे आदल्या दिवशी बघून ठेवा. खारे वारेही दुपारकडे जोर धरतात, म्हणून बोलणं सकाळीच उरका. सूर्यास्त नुसत्या दृश्यांना ठेवा.

सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० ला लेन्सचं छिद्र एफ २२ च्या आसपास, म्हणजे अगदी लहान, जातं. एफ २.८ इतकं मोठं हवं असेल तर सहा स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) कापायला एनडी ६४ हा गडद फिल्टर लागतो. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५६०० केल्व्हिनवर बांधा. जांभ्याच्या भिंतीजवळ किंवा लाल मातीवर हनुवटीखाली तांबूस झाक येते. चौकटीबाहेर, पायाशी पांढरी चादर अंथरा. माडांच्या वाडीत झावळ्यांचे कवडसे चेहऱ्यावर नाचतात, तिथे गडद सावलीच शोधा.

खरी परीक्षा आवाजाची. वाऱ्याची घरघर खालच्या पट्टीत असते, ती ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज कापणाऱ्या लो-कट फिल्टरने बरीच कमी होते. पण माइकच्या पडद्यावर वारा थेट आदळून आवाज फाटला तर फिल्टर काही करू शकत नाही. नुसता फोम पुरत नाही, केसाळ कव्हरच हवं. लाटांचं तसं नाही: त्यांचा आवाज बोलण्याच्याच पट्टीत पसरलेला असतो, गाळायला गेलात तर शब्दही जातात. उपाय एकच, माइक तोंडाजवळ. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर. शॉटगन, म्हणजे एका दिशेचा लांबट माइक, समोरून धरला तर माणसामागचा समुद्रही टिपतो. तो वरून, छातीकडे रोखून धरा. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला लाटा दूर जातात, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा. सुरूच्या बनात सावली छान, पण वारा सुटला की अखंड सूंऽऽ.

ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वाढवणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक विरामात समुद्र उसळून वर येतो. आवाजाची शिखरं मीटरवर उणे १२ डेसिबलजवळ राहू द्या. प्रत्येक जागी कोणी न बोलता ३० सेकंद नुसता परिसर रेकॉर्ड करा, जोडकाम करताना तो लागतोच.

लेन्सच्या काचेवर खारट थर आला तर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मगच पुसा. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मिटा.