पर्यटकांच्या बंगल्यावर किराणा पोहोचवण्याचा व्यवसाय कसा सुरू करावा

पानशेत, मुळशी, पवना आणि लोणावळा या भागांत सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे बंगले आता मोठ्या संख्येने आहेत. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी दुपारी दहा-बारा जणांचा गट तेथे पोहोचतो, तेव्हा स्वयंपाकघरात शेगडी आणि भांडी असतात; मात्र दूध, चहापत्ती, मीठ, तेल यांपैकी बहुधा काहीच नसते, आणि रात्री नऊनंतर गावातले दुकान बंद झालेले असते. हा व्यवसाय याच अडचणीवर उभा राहतो. पुणे शहरात काही मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲप्सशी नव्या माणसाने स्पर्धा करण्यात अर्थ नाही. ती ॲप्स जेथे पोहोचत नाहीत तेथे, पाहुणे येण्याआधीच फ्रिज भरून ठेवणे, ही आपली सेवा असावी.

पहिली पायरी: एकच मार्ग निवडावा

सुरुवातीला एकाच रस्त्यावरचे बंगले घ्यावेत. सिंहगड रस्त्याने खडकवासल्यामार्गे पानशेत, चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे मुळशी, किंवा कामशेतमार्गे पवना, यांपैकी कोणताही एक मार्ग चालेल. एकाच दिवशी पानशेत आणि पवना दोन्हीकडे गाडी पाठवण्याचा मोह मात्र टाळावा. याचे कारण साध्या हिशेबात आहे. समजा, एका फेरीत येऊन-जाऊन १०० किलोमीटर अंतर होते, गाडीचा खर्च किलोमीटरला १० रुपये पडतो आणि चालकाला दिवसाचे ८०० रुपये द्यावे लागतात, तर फेरीचा खर्च १८०० रुपये होतो. पाच बंगल्यांचे सामान असेल तर प्रत्येकावर ३६० रुपये पडतात, दोनच असतील तर ९००. अडीच हजारांच्या सामानावर १२ टक्के नफा धरला तरी हाती ३०० रुपयेच येतात. म्हणजे पाच बंगले मिळूनही केवळ मालावरच्या नफ्यात गाडीचा खर्च निघत नाही, आणि पदरमोड टाळायची असेल तर पोहोच व सेवा शुल्क वेगळे घ्यावेच लागते. छापील किमतीपेक्षा जास्त दराने पाकीट विकणे बेकायदा असल्याने हे शुल्क बिलावर स्वतंत्र ओळीत दाखवावे आणि ऑर्डर घेतानाच पाहुण्यांना सांगावे.

लोणावळ्याचा विचार करणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना बंदी आहे, त्यामुळे मालवाहू रिक्षा घेतल्यास जुन्या महामार्गानेच जावे लागते, आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तेथील कोंडीत बर्फ आणि आइस्क्रीम यांचे काय होते ते वेगळे सांगायला नको.

दुसरी पायरी: केअरटेकरशी नाते जोडावे

या व्यवसायाचा खरा आधारस्तंभ बंगल्याचा केअरटेकर असतो असे माझे ठाम मत आहे. मालक मुंबईत किंवा कोथरूडला राहतो; कुलूप उघडणारा, फ्रिज चालू करणारा आणि सामान उतरवून घेणारा माणूस जवळच्या वाडीतला असतो. पुष्कळदा तो किंवा त्याच्या घरातली माणसे पाहुण्यांना जेवण करून देतात आणि त्यावर त्यांचे घर चालते. आपण तयार जेवणाचे डबे विकू लागलो तर त्यांच्या पोटावर पाय येईल, म्हणून ते काम त्यांच्याकडेच राहू द्यावे. भाकरीचे पीठ, गावरान अंडी, हंगामातली भाजी यांपैकी जे त्यांच्याकडे चांगले मिळते ते त्यांच्याकडूनच घ्यावे आणि सामान उतरवून घेण्याचा ठरलेला मोबदला दर फेरीला न चुकता द्यावा. मालकाशीही हे सारे उघडपणे बोलून घ्यावे, म्हणजे पुढे गैरसमज होत नाहीत.

प्रत्येक बंगला स्वतः जाऊन पाहावा आणि त्याची एक नोंद तयार करावी. फ्रिज किती लिटरचा आहे, फ्रीझर खरोखर गोठवतो का, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो की फक्त दिवे, गाडी फाटकापर्यंत जाते की शेवटचा चढ पायी चढावा लागतो, मोबाइलची रेंज कोणत्या वळणानंतर जाते, या गोष्टी तीत असाव्यात. राजगड तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या वेल्ह्यात, आणि ताम्हिणीच्या बाजूला रेंजचा भरवसा नसल्याने बंगल्यापर्यंतच्या रस्त्याचा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवावा आणि केअरटेकरच्या शेजाऱ्याचाही क्रमांक जवळ असावा.

तिसरी पायरी: कागदपत्रे पूर्ण करावीत

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ नुसार अन्नपदार्थ साठवणाऱ्या आणि विकणाऱ्या प्रत्येकाला उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. अर्ज फॉस्कॉस या पोर्टलवर करता येतो. केवळ मालविक्री असल्यास महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये उलाढालीची आहे, तर सेवांसाठी ती २० लाख आहे. आपण सेवा शुल्कही घेणार असल्याने आपल्याला कोणती मर्यादा लागू होते ते सीएकडून समजून घ्यावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, विनाशुल्क होते आणि बँकेत चालू खाते उघडताना उपयोगी पडते.

डाळ-तांदूळ पोत्याने आणून स्वतः पाकिटे करावीत असे अनेकांना वाटते. आधीच बांधून ठेवलेल्या पाकिटावर मात्र २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे मालाचे नाव, निव्वळ वजन, किंमत, बांधणीचा महिना-वर्ष, पत्ता असा तपशील छापावा लागतो आणि वजनकाट्याचेही ठरावीक मुदतीत मुद्रांकन, म्हणजे सरकारी तपासणी आणि शिक्का, करून घ्यावे लागते. पहिले काही महिने कंपन्यांची अर्धा किलोची बंद पाकिटे घेणेच सोयीचे ठरते.

मद्य आणून देण्याची विनंती हमखास येते. परवान्याशिवाय मद्य विकणे किंवा पोहोचवणे हा गुन्हा आहे, तेव्हा नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा आणि तसे ऑर्डरच्या संदेशातच लिहून ठेवावे.

चौथी पायरी: यादी विचारून घ्यावी

‘तुम्हाला काय काय हवे?’ एवढेच विचारले तर पाहुणे चिप्स, कोल्ड्रिंक आणि पनीर लिहून पाठवतात, आणि रात्री दहा वाजता मीठ नसल्याचा फोन करतात. म्हणून आपणच प्रश्न विचारावेत: माणसे किती, लहान मुले किती, मुक्काम किती रात्रींचा, स्वयंपाक कोण करणार, कोणाचा उपवास आहे का, कांदा-लसूण चालतो का. श्रावणात, एकादशीला आणि संकष्टीला साबुदाणा, भगर, शेंगदाणे यांची मागणी वाढते. जैन कुटुंबांसाठी कंदमुळे वगळून भाजी द्यावी लागते.

प्रमाणेही आपणच सुचवावीत. बारा माणसांच्या एका नाश्त्याला सव्वा किलो पोहे पुरतात. दिवसातून दोनदा चहा आणि मुलांचे दूध धरले तर रोज तीन लिटर दूध ठेवावे. मीठ, साखर, हळद, तिखट, मोहरी, थोडे तेल, चहापत्ती, काडेपेटी, भांड्यांचा साबण आणि कचऱ्याच्या पिशव्या यांचा छोटा संच ठरावीक किमतीला तयार ठेवावा. माझ्या अनुभवात सर्वाधिक धन्यवाद याच संचासाठी मिळतात. कोळसा आणि बर्फ यांबद्दल मुद्दाम विचारावे. बर्फ खाण्यायोग्य पाण्याचा, सीलबंद पिशवीतलाच घ्यावा. निळसर रंगाचा बर्फ खाण्यासाठी नसतो.

ऑर्डर गुरुवारी संध्याकाळी बंद करावी आणि पूर्ण रक्कम यूपीआयने आधी घ्यावी. एखादी वस्तू न मिळाल्यास तिच्या जागी काय चालेल, हेही तेव्हाच ठरवावे.

पाचवी पायरी: खरेदी, बांधणी आणि पोहोच

पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फळ-भाजी विभाग शनिवारी बंद असतो, आणि आपले बहुतेक पाहुणे शनिवारीच येतात. त्यामुळे भाजी शुक्रवारी पहाटे उचलावी लागते. टोमॅटो थोडे कच्चट घ्यावेत, पालेभाजी न धुता सुती कापडात गुंडाळावी, कोथिंबिरीच्या मुळांची माती झटकून ती वेगळी ठेवावी. दूध, दही, पनीर शक्य तितक्या उशिरा, गाडी निघताना घ्यावे आणि पाच अंशांखाली राहील अशा बर्फाच्या पेटीत ठेवावे. मटण-चिकनची पेटी स्वतंत्र असावी आणि तिचा रंगही वेगळा असावा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

क्रेट भरण्याचा क्रम रस्त्यावरच्या क्रमाच्या उलट असावा: शेवटच्या बंगल्याचे क्रेट गाडीत सर्वांत आधी जाते. प्रत्येक क्रेटमध्ये जड पाकिटे तळाशी, बटाटे-कांदे त्यावर, आणि पाव, अंडी व पिकलेली केळी सर्वांत वर ठेवावीत. क्रेट परत आणायचे असल्याने पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांची गरजच उरत नाही, आणि राज्यात २०१८ पासून त्यांवर बंदीही आहे.

बंगल्यावर पोहोचल्यावर केअरटेकरसमोर यादीवर खुणा करत सामान मोजावे. फ्रिज तासभर आधी चालू करून ठेवायला त्याला सकाळीच फोन केलेला असावा. अन्यथा कोमट फ्रिजमध्ये दूध ठेवले जाते आणि रविवारी सकाळी ते फाटते. भरलेल्या फ्रिजचा आणि ओट्याचा फोटो काढून, रेंजमध्ये येताच पाहुण्यांना पाठवावा. प्रवासात असलेल्या कुटुंबाला त्या एका फोटोने फार निश्चिंती मिळते, आणि पुढे तक्रार आलीच तर तोच पुरावा असतो.

उरलेले उघडे अन्न कधीही परत घेऊ नये. बंद पाकिटे परत घ्यायची असतील तर तो नियम आधी लिहून द्यावा.

पावसाळ्यात अतिवृष्टीचा इशारा असताना जिल्हा प्रशासन अनेकदा पर्यटनस्थळांवर निर्बंध लावते आणि घाटात दरडीही पडतात, म्हणून अशा आठवड्यात नाशवंत माल ठोकाने उचलण्याआधी बुकिंग कायम आहे का ते विचारावे. परीक्षांच्या काळात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत मागणी उतरते. तेव्हा त्याच बंगल्यांना फिनेल, हात धुण्याचा साबण, टॉयलेट पेपर, पिण्याच्या पाण्याचे जार असा नित्याचा माल पुरवल्यास गाडी उभी राहत नाही. दुसऱ्या मार्गावर गाडी घालण्याचा विचार पहिल्या मार्गावर सलग तीन महिने दर शनिवारी पाच बंगले भरल्यानंतरच करावा, कारण तोपर्यंत वाढवलेले प्रत्येक किलोमीटर आपल्याच खिशातून जाते.