एक्सलचा बूट फाटलाय की जॉइंटच गेलाय? पोलो, रॅपिड, ऑक्टाव्हियासाठी

पंक्चर काढायला चाक उतरवलंच आहे तर रिमची आतली बाजू बोटाने पुसून बघा. तिथे, स्ट्रटवर (शॉकॲब्सॉर्बरच्या उभ्या खांबावर) आणि ब्रेक कॅलिपरवर काळं, चिकट, पेन्सिलीच्या शिशासारखं चमकणारं ग्रीस गोल रेषेत उडालेलं दिसलं, तर ड्राइव्ह शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या एक्सलचा, बाहेरचा बूट (जॉइंटवरचं घडीदार रबरी आवरण) फाटलाय. आवाज अजून सुरू झाला नसेल तर तुम्ही वेळेत बघितलंत. या टप्प्यावर बूट, ग्रीस आणि दोन क्लिपांत काम भागतं. महिनाभर टाळलंत तर जॉइंटही घ्यावा लागतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येक एक्सलला दोन सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे समान वेगाचे) जॉइंट असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा छर्रे एका पिंजऱ्यात बसवलेले असतात. स्टेअरिंग कितीही वळलं तरी चाकाला एकसारखा वेग मिळावा हे त्याचं काम. गिअरबॉक्सकडचा जॉइंट कमी कोनात वाकतो, पण सस्पेन्शन वरखाली होताना आतबाहेर सरकतो. जॉइंट स्वतःहून क्वचितच मरतो. आधी रबर मरतं. फिरणारा फाटका बूट ग्रीस बाहेर भिरकावतो, त्याच फटीतून पाणी आणि बारीक चिखल आत जातो आणि उरलेल्या ग्रीसची घोटण्याची पेस्ट होते. आपल्याकडे पावसाळ्यातले खडीचे रस्ते हे काम वेगाने करतात. उभ्या गाडीचे बूट उंदीरही कुरतडतात. चाकणला बनलेल्या पोलो-व्हेंटो असोत की शेंद्र्याला बनलेल्या ऑक्टाव्हिया-लॉरा, दर सर्व्हिसला स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बुटाच्या घड्या ताणून बघायला दोन मिनिटं लागतात. चीर बहुतेक वेळा घडीच्या तळाशी असते, चाक सरळ असताना ती दिसतच नाही.

आवाजावरून काय ओळखायचं

मोकळ्या मैदानात स्टेअरिंग फुल लॉक करून, पहिल्या गिअरमध्ये थोडं ॲक्सिलरेटर देत गोल फिरवा. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा कट्-कट्-कट् आवाज म्हणजे बाहेरचा जॉइंट. डावीकडे वळताना आवाज आला तर उजवा खराब, असं सरसकट सांगितलं जातं. बऱ्याचदा ते खरं निघतं, पण त्यावर विसंबून पार्ट मागवू नका.

सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच ‘ठक्’ येत असेल, किंवा चढावर जोर देताना गाडीचं नाक थरथरत असेल आणि जोर काढला की थांबत असेल, तर संशय आतल्या जॉइंटवर. मात्र गिअरबॉक्सचं माउंटिंग (त्याला धरणारा रबरी आधार) गेलं तरी तसाच ठक् येतो, म्हणून आधी माउंटिंग बघा. ८०-१०० च्या वेगात जोर असो-नसो कायम राहणारी थरथर बहुधा चाकाच्या बॅलन्सिंगची असते. आणि विमानासारखी घोंघों, जी हलकं वळण घेताना कमी-जास्त होते, ती व्हील बेअरिंगची. तिच्यापायी एक्सल बदलून हातात काही येत नाही.

खात्री हाताने करायची. गाडी स्टँडवर घ्या, चाक एका हाताने धरा आणि शाफ्ट दुसऱ्या हाताने पिळून बघा. बाहेरच्या जॉइंटमध्ये टिकटिक करणारा प्ले (ढिलेपणा) नको. आतला जॉइंट आतबाहेर सरकणारच, त्याला झीज समजू नका.

उघडताना

हब बोल्ट (चाकाच्या मधोमध शाफ्टला हबशी, म्हणजे चाक बसतं त्या भागाशी, जोडणारा) नवा आणून ठेवा, तो एकदाच वापरायचा असतो. त्याशिवाय बूट किट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळणारा पाना), कानाच्या क्लिपा दाबायचा पक्कड आणि बारा दातांचे बहुदंती बिट लागतील, ज्यांना आपले दुकानदार एक्सझेडएन म्हणतात.

हब बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच ढिला करा, पण पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुढचं सगळं काम, चाक अधांतरी असताना. कारण या गाड्यांत व्हील बेअरिंगला हा बोल्टच आवळून धरतो. बोल्ट ढिला करून गाडी ढकलली किंवा एक्सल काढून ती चाकावर टेकवली, तर बेअरिंग गेलं. एक्सलचं काम करून आणल्यावर घोंघों सुरू झाली अशी तक्रार येते, तिचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

चाक काढा. लोअर आर्मवरच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्यावरच्या) बॉल जॉइंटचे नट सोडण्याआधी त्याच्या जागेवर रंगाने खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडेल. मग हब बाहेर ओढून शाफ्टचे दाते सोडवा. अडकला तर शाफ्टच्या तोंडावर घण घालू नका, आटे चेपतात. जुना बोल्ट थोडा आत फिरवून त्याच्या डोक्यावर ठोका. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नका आणि सुटलेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा.

आतली बाजू फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (बाहेर आलेल्या गोल चकतीवर) सहा बहुदंती बोल्टांनी बसते. लोक इथेच फसतात. बोल्टच्या खळग्यात वर्षानुवर्षांचा चिखल बसलेला असतो. तो टोकदार तारेने पूर्ण खरवडा, बिट हातोडीने आत बसवा आणि तळाला टेकल्यावरच जोर द्या. जवळपास बसतो म्हणून टॉर्क्स किंवा ॲलन की घुसवली की दाते गोल होतात. मग बोल्टवर नट वेल्ड करून काढण्यात अर्धा दिवस जातो.

बाहेरचा जॉइंट उतरवण्यासाठी शाफ्ट व्हाइसमध्ये धरा, जबड्यांना तांब्याचे किंवा लाकडाचे तुकडे लावा. बूट कापा, ग्रीस पुसा. ज्या जॉइंटला हब बोल्ट लागतो त्यात जुना बोल्ट आत फिरवत नेला की तो शाफ्टला टेकतो आणि जॉइंट सर्क्लिपवरून (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगवरून) ‘टक्’ करून सुटतो. मागे बशीसारखी स्प्रिंग आणि एक रिंग असेल तर कुठली आधी, फुगीर तोंड कुठे, याचा फोटो आधी काढून ठेवा.

जॉइंट ठेवायचा की टाकायचा

डिझेलने धुवा, नंतर पूर्ण सुकवा. आत राहिलेलं डिझेल नवीन ग्रीस पातळ करतं. मधला भाग तिरका करून एकेक छर्रा बाहेर काढून बघा. छर्ऱ्याच्या वाटेवर नुसती चकाकी असेल तर जॉइंट चांगला आहे. नख फिरवल्यावर खड्डा अडकला, छर्ऱ्याचं कवच उडालं असेल किंवा पिंजऱ्याला तडा असेल, तर बदला. जो जॉइंट आधीच कटकट करत होता त्यावर नुसता नवा बूट चढवणं म्हणजे पैसे दोनदा देणं. ग्रीसमुळे आवाज थोडे दिवस दबतो, खड्डा भरून येत नाही.

बाजारात अख्खा एक्सल कधीकधी नुसत्या जॉइंटएवढ्याच किमतीत मिळतो. आमचं मत विचाराल तर मूळ शाफ्ट ठेवा आणि त्यावर लोब्रो किंवा स्पायडानसारख्या ब्रँडचा चांगला जॉइंट बसवा. स्वस्त एक्सलचं स्टील आणि ग्रीस दोन्ही भरवशाचं नसतं. ज्या गाड्यांत एबीएसची (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकची) दातेरी रिंग जॉइंटवरच असते, तिथे जुन्या-नव्याचे दाते मोजून घ्या. संख्या चुकली की डॅशबोर्डवर दिवा लागलाच.

बसवताना

बूट आणि क्लिप आधी शाफ्टवर सरकवा. हे विसरून जॉइंट ठोकून बसवणारे कमी नाहीत. सर्क्लिप नवी घ्या. किटमधलं मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस पूर्ण वापरा, बाहेरच्या जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम लागतं. अर्धं छर्ऱ्यांत दाबून भरा, अर्धं बुटात. बेअरिंगचं पिवळं ग्रीस इथे चालत नाही. जॉइंट लाकडाच्या ठोकळ्याने ठोका आणि सर्क्लिप बसली का ते ओढून बघा. मोठी क्लिप आवळा, मग बुटाच्या छोट्या तोंडाखाली बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतबाहेरचा हवेचा दाब सारखा होऊ द्या आणि मगच छोटी क्लिप आवळा. तसं न केल्यास बूट आत ओढला जाऊन घडीवर घासतो. प्लॅस्टिकचा टाय वापरू नका, तो फिरता फिरता सैल होतो. एक्सल न काढता चिकटवायचा, एका बाजूने मुद्दाम चिरलेला बूट मिळतो, तो घरी पोचण्यापुरता.

फ्लँजचे बोल्ट आधी हलके, समोरासमोरचे आवळत जा. मग एम-८ असतील तर ४० आणि एम-१० असतील तर ७० न्यूटन-मीटर. हब बोल्टचा आकडा मात्र मॉडेलनुसार आणि बोल्टनुसार वेगळा. दुसऱ्या पिढीच्या ऑक्टाव्हियावर डोक्याखाली रेघा असलेल्या बोल्टला ७० न्यूटन-मीटर अधिक ९० अंश, रेघा नसलेल्याला २०० अधिक १८० अंश. पोलोचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्या. न्यूटन-मीटरचा टप्पा चाक अधांतरी असताना, मदतनिसाला ब्रेक दाबायला लावून करा. अंशांचा टप्पा गाडी खाली टेकवून.

नाशिकला बनलेल्या लोगन-व्हेरिटोवर हे सगळं जसंच्या तसं लावू नका. तिथे डाव्या आतल्या बुटात ग्रीस नसतं, गिअरबॉक्सचं ऑइलच असतं. तो बूट फाटला की गिअरबॉक्स रिकामा व्हायला लागतो, म्हणून काम झाल्यावर ऑइल पातळीपर्यंत भरणं आलंच. तसंच, ज्या गाड्यांत आतला जॉइंट फ्लँजवर नसून थेट गिअरबॉक्समध्ये खुपसलेला असतो, तिथे शाफ्ट ओढण्याआधी खाली भांडं ठेवा आणि ऑइल सील नवं घाला.

काम झाल्यावर फुल लॉकवर दोन्हीकडे गोल फिरवून ऐका. पाचशे किलोमीटरनंतर क्लिपांभोवती ग्रीस झिरपतंय का बघा. बॉल जॉइंटची खूण हलली असेल तर त्याच आठवड्यात अलाइनमेंट करून घ्या.