रबाळे चार वेळा म्हणा

ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या मी कवितेच्या वृत्तांचे, म्हणजे ठरावीक लयींचे, गण शिकले. ह्रस्व अक्षर लघु. दीर्घ किंवा अनुस्वाराचं गुरू. जोडाक्षराआधीच्या ह्रस्वावर आघात आला तर तेही गुरू, ‘तुर्भे’तला ‘तु’ बघा. तीन अक्षरांचा एक गण, असे एकूण 8. ‘यमाताराजभानसलगा’ पाठ करा. हव्या गणाच्या अक्षरापासून तीन अक्षरं उचला, साचा तयार: य गण यमाता, म्हणजे लघु-गुरू-गुरू.

आता स्टेशनं मोजा. ऐरोली म गण, रबाळे य. ‘रबाळे’ चारदा म्हटलंत की झालं भुजंगप्रयात वृत्त! माझी ओळ घ्या: ‘पहाटे निघाली रिकामीच गाडी’. (रिकामी गाडी वृत्तातच मिळते म्हणा.) टाळी देत म्हणा. चौथा गण ‘च गाडी’. शब्द मध्येच तुटला तरी बिघडत नाही.