होज निवडताना पहिला प्रश्न : आतून काय वाहणार?

रबाळे किंवा महापे येथील कारखान्यातला माणूस दुकानात येतो आणि "एक इंची होज, वीस मीटर" एवढेच सांगतो. होज म्हणजे द्रव, हवा किंवा वाफ वाहून नेणारी लवचिक नळी. वागळे इस्टेटमध्येही मागणी साधारण याच शब्दांत होते. मापाचा होज मिळतोही. परंतु बाहेरून सारखेच काळे दिसणारे एका मापाचे दोन होज आतल्या अस्तरामुळे अगदी निराळ्या कामाचे असू शकतात, म्हणून निवडीची सुरुवात आतून काय वाहणार आहे इथून करावी.

खनिज तेल व डिझेल यांसाठी नायट्राइल रबराचे अस्तर चालते. ईपीडीएम रबर गरम पाणी आणि वाफ उत्तम सोसते, मात्र तेल लागले की फुगून मऊ पडते. इथे एक फसगत नेहमी होते : कॉम्प्रेसरची हवा म्हणजे 'नुसती हवा' असे समजून ईपीडीएमचा होज जोडला जातो, आणि तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर येणारे तेलाचे बारीक तुषार काही महिन्यांत ते अस्तर खराब करतात. वाळू किंवा घासणारी स्लरी (घन कण मिसळलेला दाट द्रव) असेल तर नैसर्गिक रबर बरे. आम्लाच्या बाबतीत नुसते नाव पुरेसे नाही; १० टक्के आणि ९८ टक्के सल्फ्युरिक आम्ल होजच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत, त्यामुळे तीव्रता व तापमान दोन्ही सांगून उत्पादकाच्या तक्त्यात पडताळणी करावी.

दाबाचा आकडा पाहताना त्याच्याबरोबर तापमानही पाहावे. पीव्हीसीच्या होजवर छापलेला दाब साधारण २० अंश सेल्सिअसचा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तो तेवढा उरत नाही. हायड्रॉलिक होजमध्ये फुटण्याचा दाब सामान्यतः कामाच्या दाबाच्या चौपट धरतात, तरीही व्हॉल्व्ह अचानक बंद झाल्यावर बसणारा झटका दाबमापकाच्या काट्याच्या स्थिर आकड्यात दिसत नाही, म्हणून निवड त्या झटक्याचा हिशेब करूनच करावी. वाफेच्या होजसाठी हेच प्रमाण दहापट असते. ७ बार दाबाची संपृक्त वाफ सुमारे १७० अंशांवर असते, तेव्हा गरम पाण्याचा होज वाफेला जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. तसेच तिथे साधी पट्टीची क्लिप न लावता बोल्टचा, कपलिंगच्या (होजच्या टोकाला बसणाऱ्या जोडाच्या) कडेत अडकणारा क्लॅम्प वापरावा. वाफेच्या होजच्या आवरणावर टाचणीएवढी छिद्रे दिसली तर माल परत करू नये : अस्तरातून झिरपणारी वाफ बाहेर पडावी आणि आवरणाला फोड येऊ नयेत, यासाठी ती मुद्दाम पाडलेली असतात.

पंपाच्या ओढीच्या बाजूला आत तारेची किंवा कडक प्लास्टिकची सर्पिल कड असलेलाच होज हवा, नाहीतर तो चपटा होतो. थिनर, टोल्युइन यांसारखी ज्वालाग्राही द्रावणे वाहताना स्थिर वीज साठते. तेथे वीजवाहक होज घेऊन एका कपलिंगपासून दुसऱ्यापर्यंत वीज जाते का हे मीटरने तपासावे आणि अर्थिंग करावे.

कपलिंगचा दाब होजपेक्षा कमी असेल तर संपूर्ण जोडणीचा दाब तेवढाच समजावा. नवी मुंबईच्या पावसात आणि खाडीकाठच्या खारट हवेत आवरण सोलवटलेल्या होजमधली तारेची वीण लवकर गंजते, म्हणून तो जमिनीवर घासत जाणार असेल तर जाड आवरणाचा मागावा. थोडे पैसे अधिक गेले तरी चालतील.

लांबी अंदाजाने सांगू नये. जागेवर सुतळी प्रत्यक्ष मार्गाने फिरवून मोजावी आणि वर थोडी ढील ठेवावी, कारण दाब आल्यावर हायड्रॉलिक होज ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकतो आणि ताणून बसवलेला होज कपलिंगपाशीच उपटतो. वळणही कपलिंगला लागून घेऊ नये. आधी थोडा भाग सरळ जाऊ द्यावा.