बंगल्यातल्या स्विमिंग पूलचं पाणी हिरवं झालं तर

आधी पाणी किती ते मोजा. लांबी × रुंदी × सरासरी खोली (मीटरमध्ये) × १००० म्हणजे लिटर. ८ × ४ × १.५ मीटरच्या पूलमध्ये ४८,००० लिटर पाणी असतं.

मग टेस्ट किटने पीएच बघा, तो ७.२ ते ७.६ हवा. ८ च्या वर गेला की क्लोरीन भरपूर असूनही फारसं काम करत नाही. त्यामुळे अ‍ॅसिडने पीएच उतरवल्याशिवाय क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे पाण्यात, अक्षरशः.

पीएच जागेवर आला की भिंती, पायऱ्या ब्रशने घासा. सूर्यास्तानंतर ६५ टक्क्यांची क्लोरीन पावडर (कॅल्शियम हायपोक्लोराइट) ७५० ग्रॅम घ्या (वरच्या मापाला सुमारे १० पीपीएम, म्हणजे लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन). प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग थोडीथोडी पावडर. उलट कधीच नाही. अ‍ॅसिड किंवा टीसीसीए गोळ्यांशी (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या) ती चुकूनही मिसळू नका: विषारी वायू, स्फोटही होऊ शकतो. पंप रात्रभर चालू ठेवा. बोअरचं पाणी जड असेल तर पावडरने क्षार वाढतात, तिथे द्रवरूप हायपोक्लोराइट बरं.

सँड फिल्टरचा दाब स्वच्छ असतानापेक्षा ०.५ बारने वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून फिल्टर धुणं. मेलेलं शेवाळ फिल्टर पटकन तुंबवतं.

तळ स्पष्ट दिसेपर्यंत आणि क्लोरीन ३ पीपीएमपर्यंत उतरेपर्यंत कुणालाही पाण्यात सोडू नका. एरवी १ ते ३ पीपीएम पुरे.

नुसत्या टीसीसीए गोळ्यांवर पूल चालवला तर त्यांच्यातलं सायन्युरिक अ‍ॅसिड साचत जातं आणि क्लोरीन मंदावतं. त्यावर खरा उपाय एकच: थोडं पाणी काढून ताजं भरणं.