एकाच ओंडक्यातून तोंबक घडवताना

हुसैन तेहरानी (१९१२–१९७४) यांनी ज्या तोंबकाला साथीच्या वाद्यापलीकडे नेऊन एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, ते इराणी चर्मवाद्य पारंपरिक पद्धतीने एकाच ओंडक्यातून घडवले जाते. त्यासाठी तुतीचे किंवा अक्रोडाचे, गाठी आणि चिरा नसलेले खोड निवडावे.

ओल्या लाकडाला लेथवर चषकाचा ओबडधोबड आकार द्यावा, आतला भाग पोखरावा आणि दोन्ही टोकांना मेण लावून ते सावलीत ठेवावे; टोकांकडून ओल झपाट्याने गेली, तर लाकूड तडकते. या वाळवणीला कित्येक महिने लागतात आणि तिथे घाई केलेली मला मान्य नाही. लाकूड पुरते वाळले की अखेरचे माप साधावे. पूर्ण झालेल्या वाद्याची उंची साधारण ४५ सेंटिमीटर आणि मोठ्या तोंडाचा बाहेरचा व्यास सुमारे २८ सेंटिमीटर असतो. अरुंद गळा खालच्या तोंडाशी कर्ण्यासारखा रुंदावत जातो. अंगावर खाचा कोराव्यात, कारण वादक त्यांवरून नखे फिरवून खरखरीत नाद काढतो.

आता सर्वांत जोखमीचे काम. तबल्याला वाद्या (ताण देणाऱ्या चामडी पट्ट्या) आणि गट्टे (त्यांखाली सरकवायचे लाकडी ठोकळे) असल्यामुळे त्याचा स्वर नंतरही चढवता-उतरवता येतो. पारंपरिक तोंबकाला तशी कोणतीही सोय नाही, म्हणून कातडे चिकटवताना दिलेला ताणच त्याचा कायमचा पाया ठरतो. वरचा काठ आधी अगदी सपाट करावा आणि त्याची कड किंचित गोलसर घासावी, नाहीतर तिथे कातडे कापले जाते. शेळीचे किंवा कोकराचे केस काढलेले, सर्वत्र सारख्या जाडीचे कातडे साध्या पाण्यात मऊ होईपर्यंत भिजवावे. कढत पाण्याने ते आकसून निकामी होते. काठाच्या बाहेरच्या बाजूला सरस लावून कातडे समोरासमोरच्या बाजूंनी थोडे थोडे ओढत बसवावे आणि सुरकुती राहू न देता दोरीने घट्ट आवळावे. ओले असताना ते फार ताणू नये, कारण वाळताना ते स्वतःच आक्रसते आणि जास्तीच्या ताणाने फाटू शकते.

ते उन्हात न ठेवता सावलीतच वाळवावे आणि पूर्ण वाळल्यावरच दोरी सोडावी. मग मध्यावर भरदार, घुमणारा आणि काठावर टणक आवाज येतो का, हे बोटांनी तपासावे. दमट हवेत कातडे सैलावते, तेव्हा वादनापूर्वी ते दुरूनच हलक्या आचेवर शेकावे. फारच ताणले गेले असेल, तर ओलसर फडका फिरवावा.