एफएमजीईची उजळणी: तीनशे प्रश्नांसाठी बारा आठवडे कसे वापरावेत

परदेशात एमबीबीएस केलेल्यांना भारतात डॉक्टर म्हणून नोंदणी हवी असेल, तर एफएमजीई ही पात्रता परीक्षा पास व्हावीच लागते. चिपळूण, कुडाळ, अलिबागकडे परतलेली मुले बहुधा घरीच अभ्यासाला बसतात, आणि पहिल्याच दिवशी अ‍ॅनाटॉमीचे जाडजूड पुस्तक पान एकपासून उघडतात. सहा आठवड्यांनी मेडिसिन उघडायची वेळ येते तेव्हा अ‍ॅनाटॉमी पुसट झालेली असते. सहा वर्षांत शिकलेले पुन्हा नव्याने शिकायचे नाही, ते मागितल्याबरोबर आठवायला हवे. म्हणून आधी आठवा, मग वाचा.

सुरुवात गुणांच्या हिशेबाने करा. एकूण प्रश्न ३००. दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटे. उत्तीर्ण व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३० आणि कम्युनिटी मेडिसिन ३०, म्हणजे या चारांतच १२५ गुण. बालरोग, डोळे, कान-नाक-घसा प्रत्येकी १५. डोळे आणि कान-नाक-घसा मिळून स्त्रीरोग-प्रसूतीइतकेच गुण देतात आणि अभ्यासक्रम त्याहून लहान, तरी हे दोन विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. तसे करू नका. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३, फॉरेन्सिक १०. उरलेले गुण मानसोपचार, त्वचा, भूल, अस्थिरोग यांसारख्या छोट्या विषयांचे.

८४ दिवसांची विभागणी अशी करा: पहिली फेरी ५० दिवस, दुसरी २४, तिसरी १०. पहिल्या फेरीत रोज सकाळी कोणतेही पुस्तक न उघडता त्या विषयाचे ५० प्रश्न ५० मिनिटांत सोडवा. निम्मे चुकले तरी चालेल. कुठे वाचायचे ते त्या चुकाच सांगतात. मग तेवढेच भाग वाचा आणि संध्याकाळी कोऱ्या कागदावर आठवून लिहा. हाच कागद तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा कोरा लिहायचा. रंगीत पेनाने पान रंगवले की अभ्यास झाल्यासारखे वाटते, पण पान ओळखीचे वाटणे वेगळे आणि उत्तर आठवणे वेगळे.

दुसऱ्या फेरीत विषय सोडून रुग्ण धरा. कोकणात यासाठी सर्पदंशासारखा दुसरा धडा नाही. मोठ्या कागदाच्या मधोमध लिहा: सड्यावर जांभ्याचा दगड उचलताना फुरसे चावले, हाताला सूज, हिरड्यांतून रक्त. आता चहूबाजूंनी प्रश्न जोडा.

तपासणी कोणती? वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचे, २० मिनिटे हलवायचे नाही, मग नळी तिरकी करून पाहायचे. काचच का? काचेच्या स्पर्शाने रक्तातला गोठण्याचा बारावा घटक जागा होतो आणि गोठण्याची साखळी सुरू होते. प्लॅस्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही न गोठण्याची शक्यता असते, आणि प्रतिविष विनाकारण दिले जाते. इथेच फिजिऑलॉजीचा प्रश्न सुटला. प्रतिविषाच्या १० कुप्या साधारण तासाभरात शिरेतून देतात; मुलालाही तेवढ्याच, कारण साप वजन पाहून विष सोडत नाही. चाचणी पुन्हा सहा तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक नव्याने तयार करायला तेवढा वेळ लागतो. प्रतिविषाची अ‍ॅलर्जी उठली तर मोठ्या माणसाला अ‍ॅड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम स्नायूत.

त्याच कागदावर शेजारी मण्यार आणि नाग मांडा. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, सूज नाही, दंशाची खूण सापडत नाही, पहाटे पोटात दुखते आणि पापण्या मिटायला लागतात: मण्यार. तिचे विष मज्जातंतूच्या टोकावरच काम करते, म्हणून निओस्टिग्मिन या औषधाचा फारसा उपयोग होत नाही आणि व्हेंटिलेटरची तयारी ठेवावी लागते. नागाचे विष स्नायूच्या बाजूचे रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागा, अडवते, तिथे अ‍ॅट्रोपिनसह निओस्टिग्मिन गुण देते. आपले पॉलिव्हॅलंट (अनेक सापांवरचे) प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपुरते आहे. चापड्यावर (पिट व्हायपर) ते चालत नाही. एका कागदात मेडिसिन, फिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी आणि फॉरेन्सिक आले.

असाच कागद लाल विंचवाचा करा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवला, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्राझोसिनच का, हे अल्फा रिसेप्टरचे कोष्टक घोकण्यापेक्षा इथे चटकन कळते: विषाने कॅटेकोलामाइन या ताणाच्या संप्रेरकांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते; प्राझोसिन अल्फा रिसेप्टर अडवून त्या वाहिन्या सैल करते. तिसरा कागद लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. भातलावणीनंतर ताप, पोटऱ्या दुखणे, लाल डोळे. जंतू पहिल्या आठवड्यात रक्तात, पुढे लघवीत. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा सात दिवस, गंभीर असेल तर पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. असे पंचवीसेक कागद पुरेत. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, काचबिंदू, क्षयाची औषधे त्यांत असूच द्या.

चुकांची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचे: माहितच नव्हते, दोन गोष्टींत गोंधळ झाला, की प्रश्न नीट वाचला नाही. 'वगळता' हा शब्द नजरेतून सुटल्याने गेलेले गुण पुस्तक वाचून परत येत नाहीत. तिथे प्रश्नाची शेवटची ओळ आधी वाचायची सवयच लागते. तिसऱ्या फेरीत वाचायला फक्त ही वही आणि कागद. नवे पुस्तक, नवे व्हिडिओ बंद.

पावसात वीज जाते, रेंजही जाते, म्हणून प्रश्नसंच आणि व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा. तिसऱ्या फेरीत निदान दोन पूर्ण सराव परीक्षा द्या, दोन्ही भाग एकाच दिवशी. दुसऱ्या भागात थकव्याने किती चुका वाढतात, ते त्याशिवाय कळत नाही. जूनच्या सत्राला बसत असाल तर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक पाहून तिकीट काढा. गाड्या हळू चालतात, घाटात दरड आली तर रस्ताही अडतो. केंद्राच्या गावी आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. प्रवेशपत्र आणि ओळखपत्र यांवरचे नाव सारखे आहे का, हे निघण्यापूर्वी नव्हे, प्रवेशपत्र हाती येताच तपासा.

परीक्षेत एका प्रश्नाला एक मिनिट. अडलेल्या प्रश्नावर तिथेच अंदाजाने एक उत्तर निवडा, खूण करा आणि पुढे चला. गुण कापत नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची दोन मिनिटे सुटलेले प्रश्न शोधायला राखून ठेवा.